डावा पाइप

मंगळवार, ३ डिसेंबर

गाडी आली. मधुसूदन साहेब स्वतः टोइंगवाल्याच्या शेजारी बसून आले. लाल, दोन दारांची, आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन स्पोर्ट्स कार, स्टिअरिंग डाव्या बाजूला. थेरगावच्या आमच्या गल्लीत ती वळवायची म्हणून भाजीवाल्यांनी हातगाड्या मागे घेतल्या. गल्लीतली सगळी बिनकामाची मंडळी शेडपुढे गोळा झाली आणि ज्याला स्कूटरचा प्लग बदलता येत नाही तोही सल्ले देऊन गेला.

सोबत लांबलचक खोक्यात साइड पाइप. म्हणजे सायलेन्सर गाडीखालून मागे न नेता दोन्ही बाजूंना, दाराखाली उंबऱ्यासारखे बसवायचे. डाव्या चार सिलिंडरचा धूर डावीकडून, उजव्या चारचा उजवीकडून. बाहेरून मागवलेत आणि दुसऱ्याच मॉडेलचे आहेत. पट्ट्या आपणच करायच्या, वाकवायचं आपणच.

साहेब म्हणाले, "हिंदुराव, पाइप बसवणारे पुष्कळ मिळतील. पण दोन्ही बाजूंचा आवाज एकसारखा लावून देणारा कान एकच आहे. बावीस तारखेला आमच्या क्लबचं प्रदर्शन आहे. लोक विचारतील, कोणी केलं? मी तुमचं नाव सांगेन."

चाकणच्या कंपनीत साहेब मॅनेजर होते, मी इंजिन टेस्टिंगला. तिथे मला नावाने कोणी हाक मारत नसे, 'कान' म्हणायचे. इंजिन चालू केलं की मी डोळे मिटून सांगायचो, तिसऱ्याचा व्हॉल्व्ह ढिला आहे. उघडून बघितलं की तिसराच. कंपनी इअरप्लग द्यायची, मी ते खिशात ठेवायचो. कानात बोळे कोंबून इंजिन ऐकायचं म्हणजे जिभेला फडकं बांधून आमटी चाखायची. दरवर्षी कानांची तपासणीही व्हायची. शेवटच्या वर्षी मात्र त्यांचं मशीनच बिघडलेलं होतं. काहीबाही आकडे दाखवत होतं. तपासणाऱ्या पोरीला मी तसं सांगितलंही.

रिटायर झाल्यावर वर्कशॉप टाकलं ते या कानाच्या जिवावर. आमच्या मुलीने, विजयश्रीने, चाकणची चांगली नोकरी सोडली आणि माझ्याबरोबर आली. तिला बापाची विद्या शिकायची असणार, तसं बोलून दाखवणारी ती नाही. हे काम जमलं तर क्लबच्या बाकीच्या गाड्या येतील. फसलं तर 'कान' हे नाव गेलं, आणि त्याबरोबर शेडही गेली. म्हणून आजपासून रोज लिहायचं ठरवलं. टेस्टिंगला शिफ्ट संपली की रिपोर्ट लिहायची सवय. न लिहिलं तर हात खाजतो.

गुरुवार, ५ डिसेंबर

जुना सायलेन्सर उतरवला. गंजून पापड झाला होता.

विजूशी वाजलं. तिचं म्हणणं, गाडीखाली जायच्या आधी लोखंडी स्टँड लावायचे. मी म्हटलं, प्रत्येक वेळी स्टँड लावत बसलो तर बावीस तारीख पुढच्या वर्षी येईल. जॅक काही मुका नसतो. उतरायच्या आधी करकरतो, बोलतो. ज्याला ऐकू येतं त्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. कंपनीत एकदा गाड्या उचलायची लिफ्ट अशीच बोलली आणि मी हाताखालच्या सुजितला कॉलर धरून ओढला. लिफ्ट बसली तेव्हा सुजित माझ्या अंगावर पडलेला होता. आज चाकणला त्याची स्वतःची पाइप वाकवायची शेड आहे, आणि तो मला देवासारखा मानतो.

 काढलेलं चाक विजूने भिंतीला न लावता गाडीखालीच आडवं सरकवून ठेवलं. पाय ठेवायला जागा नाही. दोनदा बाहेर काढलं, दोनदा परत तिथेच. शिस्त म्हणून नाही. बाकी पोरगी गुणी आहे. बोलायचं असलं की आधी खांद्याला हात लावते, मग समोर उजव्या बाजूला येऊन बोलते. आजकाल एवढा मान कोण ठेवतो?

रविवार, ८ डिसेंबर

सुट्टी. संत तुकाराम नगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांच्या बेला वाजतात, आमचीच वाजत नाही. ही तिसरी. जुन्या दोन्ही ड्रॉवरमध्ये टाकल्यात. बाजारात माल म्हणून धड येत नाही.

दुपारी माझी बायको दुर्गा भिशीला गेली. जाताना सांगून गेली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी कुकरच्या शेजारीच पेपर वाचत बसलो होतो. एक शिट्टी होईल तर शपथ. वास आला तेव्हा बघितलं, डाळीचा कोळसा. दुर्गा आली आणि जी सुटली!

"आवं, शेजारची म्हणती सात-आठ शिट्ट्या झाल्या! कान हाईत का दगडं?"

"कुकरची शिट्टी खराब आहे. उद्या बदलून आणतो."

"शिट्टी नका बदलू. डाक्टरकडं जाऊन कान दाखवा एकदा."

ज्या कानाने हजारो इंजिनं पास केली तो आता एका कुकरपायी डॉक्टरला दाखवायचा! हल्ली तिचा स्वभाव फार तापट झालाय. साधं बोलायचं तरी ओरडून बोलते. मी भांडत नाही. टीव्हीचा आवाज वाढवतो.

गुरुवार, १२ डिसेंबर

पाइप व्हॅनमध्ये घालून विजूबरोबर चाकणला सुजितकडे गेलो. त्याने पाइपांचा पुढचा भाग वाकवून दिला, पट्ट्या वेल्ड केल्या, चहा पाजला. येताना वाईट प्रसंग आला. कांद्याच्या बाजाराचा दिवस, ट्रकांच्या रांगा. चौकात मी व्हॅन पुढे घेतली आणि डावीकडून एक कंटेनर हॉर्न न देता सरळ अंगावर आला. विजूने ओरडत स्टिअरिंग ओढलं. आरसा गेला, आम्ही राहिलो.

मी उतरून ड्रायव्हरला झाडला. हॉर्न द्यायला हात मोडतो का? तो म्हणतो, "काका, लांबून देत येतोय!" आणि आजूबाजूचे चार जण त्याचीच री ओढायला लागले. खोटं बोल पण रेटून बोल.

विजू रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. रडत होती. घाबरली पोर. नंतर किल्ली तिने घेतली आणि मला तिच्या डाव्या बाजूला बसवलं. म्हणाली, यापुढे व्हॅन मीच चालवणार. चालव म्हटलं, हात बसेल.

शनिवार, १४ डिसेंबर

दोन्ही पाइप चढले. काय दिसतात! गल्लीतल्या पोरांनी फोटो काढले. एक जण म्हणाला, पोलिसांनी पकडलं तर सायलेन्सरवर रोलर फिरवतील. म्हटलं, प्रदर्शनाची गाडी आहे, तुझी बुलेट नाही.

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो आणि चावी दिली.  इंजिन उचललं, सीट हादरायला लागली. उजवी बाजू छान, भरलेला आवाज. डावी मात्र बसलेली. घसा धरल्यासारखी.

विजूला विचारलं. ती म्हणाली, "आप्पा, मला तर दोन्ही सारखे वाटतात."

तिने सुजितला फोन लावून ऐकवलं, त्यानेही दोन्ही सारखेच असल्याचं सांगितलं. एवढ्यात कुठे कान तयार होणार यांचे? डावा पाइप उतरवायला सांगितला. आतल्या जाळीत काही अडकलं असणार.

सोमवार, १६ डिसेंबर

जाळीत काही नाही. जोडावर नवं गॅस्केट घालून डावा परत चढवला. इंजिन चालू केलं आणि या वेळी पुढे जाऊन, बॉनेटसमोर उभा राहून ऐकलं. आता उजवा बसलेला!

डोकं फिरलं. सुजितला बोलावून घेतलं आणि त्याच्या तोंडावर बोललो. नाचता येईना अंगण वाकडं. याचं वेल्डिंग गरम झालं की सरकतं, म्हणून आज इकडे, उद्या तिकडे. तो मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने विजूकडे बघितलं, विजूने त्याच्याकडे बघितलं. दोघांत काहीतरी चाललंय, मला कळत नाही असं नाही. माझ्या पाठीमागे हळू आवाजात बोलतात. जवळ गेलो की गप्प.

पाच-सहा दिवस राहिले. साहेबांचा फोन आला होता, फार हळू बोलत होते, विजूनेच घेतला. ती म्हणाली, साहेब रविवारी सकाळी येणार, त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय की आवाज जुळला.

जुळला नाही. झोप लागत नाही. चाळीस वर्षांत मी न जुळलेल्या इंजिनावर सही केली नाही.

बुधवार, १८ डिसेंबर

दोन पानं लिहून फाडली, हे तिसरं.

पुन्हा ड्रायव्हरच्या जागेवर बसून ऐकलं, परत डावाच बसलेला, म्हणून तो दुसऱ्यांदा उघडायचा ठरवला. विजू म्हणाली, "आप्पा, प्लीज, त्यात काही नाहीये." मी म्हटलं, तुला ऐकू येत नाही म्हणून नाही असं होत नाही. ती एकदम माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "थांबा, स्टँड आणते." मी थांबलो नाही. जॅक मारला, चाक काढलं, विजूने जाता जाता ते नेहमीसारखं गाडीखाली ढकललं, आणि मी पाठीवर सरकत आत गेलो. पुढची पट्टी सोडवली. दुसऱ्या नटाला पाना लावला होता. सगळं शांत होतं, हे मी शपथेवर सांगतो.

तेवढ्यात कोणीतरी माझे दोन्ही पाय धरले आणि गोणी ओढावी तसं मला ओढलं. डोकं फरशीवर आपटलं. समोर बघतो तर विजू मागे पडलेली, तोंड उघडं, आणि गाडी खाली आलेली. पूर्ण नाही. ते आडवं चाक होतं, रोज मी ज्याला लाथ मारायचो ते, त्यावर गाडी टेकली होती. डावा पाइप त्याच्यावर चेपला. जिथे चेपला तिथे क्षणापूर्वी माझी छाती होती.

सगळ्यात आधी मी काय म्हणालो? "जॅक बोलला नाही!"

विजूला धाप लागली होती. ती ओरडून बोलत होती, मला तोंड दिसत होतं. "बोलला, आप्पा! किती वेळ करकरत होता! मी चार हाका मारल्या तुम्हाला!"

मदतीला आलेला सुजित समोरच्या टपरीवर चहाला गेला होता. तो ग्लास टाकून पळत आला. "काका, मला तिथं रस्त्यापलीकडं ऐकू आलं."

मी दोघांवर चिडलो. एकमेकांना सामील आहेत म्हणालो. विजूला तर म्हणालो की हाका मारल्या असत्या तर मी काय बहिरा आहे?  तिच्या कोपराचं सालटं गेलं होतं, त्यावर तिने तसंच फडकं गुंडाळलं आणि स्टँड आणायला गेली.

गुरुवार, १९ डिसेंबर

शेडवर गेलो नाही. दुर्गाला विजूने सांगितलं असणार. आज ती ओरडली नाही. जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिली. ते ओरडण्यापेक्षा वाईट.

"जॅक न बोलता बसला," मी म्हटलं.

तिने माझ्या हाताला हात लावला आणि काहीतरी म्हणाली. हळू. काय म्हणाली ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी गॅलरीत उभा होतो. पूर्वी थंडीत खालच्या बागेत रातकिडे असायचे. दोन-तीन वर्षांत एकही नाही. प्रदूषण, असं मी सगळ्यांना सांगत असतो. आज विचार आला की दुर्गाला विचारावं. विचारायची भीती वाटली.

शनिवार, २१ डिसेंबर

हे लिहायचंय, आणि आजच लिहायचंय. उद्यापर्यंत मी काहीतरी नवं कारण शोधून काढीन.

सुजितने चेपलेला पाइप सरळ करून आणला. अपमान गिळून आला, पोरगा चांगला आहे. विजूने चारही बाजूंना स्टँड लावले, पाइप चढवला, मला हात लावू दिला नाही. मग गाडी खाली घेऊन इंजिन चालू केलं आणि आत बसून राहिली.

मी बॉनेटसमोर उभा राहिलो. उजवा बसलेला. ओरडणारच होतो सुजितच्या नावाने. पण म्हटलं धूर बघावा, म्हणून मागे गेलो, डिकीमागे मधोमध. तिथून डावा बसलेला. एकाच गाडीचा, एकाच मिनिटात, पुढून उजवा आणि मागून डावा?

मी होतो तिथेच उभा राहिलो. मग, देवळात आपण जागच्या जागी स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतो ना, तसा फिरलो. गाडीकडे पाठ केली. आता उजवा बसलेला. परत तोंड केलं. डावा. गाडी जागेवर होती, पाइप जागेवर होते. फक्त मी फिरत होतो आणि दोष माझ्याबरोबर फिरत होता. दर खेपेला माझ्याच डाव्या हाताला.

मग मी उजव्या कानात बोट घातलं.

आठ सिलिंडरची गाडी समोर थरथरत होती. पत्र्याची शेड थरथरत होती, पायाखालची फरशी थरथरत होती. आणि आवाज नव्हता. एवढं अंगण मी वाकडं म्हटलं या पंधरा दिवसांत. सुजित, गॅस्केट, जाळी, जॅक, कंटेनरवाला, कुकर. सगळे वाकडे, मी एकटा सरळ.

विजूने आरशातून बघितलं. माझं बोट अजून कानात होतं. तिने इंजिन बंद केलं असावं, कारण फरशी थांबली. खाली उतरली, माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, आणि नेहमीसारखा आधी खांद्याला हात लावला. मला रडू आलं. पोरीसमोर पहिल्यांदाच.

घरी आल्यावर ड्रॉवरमधून जुन्या दोन्ही बेला काढल्या. स्वयंपाकघरातल्या प्लगला एकेक जोडली आणि वर बोट ठेवलं. दोन्ही बोटाखाली थरथरल्या. दुर्गा दारात येऊन कानांवर हात ठेवून उभी होती.

रविवार, २२ डिसेंबर

साहेब सकाळी आले, क्लबचे चार-पाच लोक घेऊन. कडक कपडे, काळे चष्मे. विजूने इंजिन चालू केलं. सगळे वाकून पाइप बघायला लागले. साहेब माझ्याजवळ आले, डाव्या बाजूने. त्यांचे ओठ हललेले दिसले. काय म्हणाले असतील ते ओळखायला कान लागत नाही. 'काय म्हणतो कान?'

"झकास, साहेब," एवढं म्हणायचं होतं. विजू ते सारखे आहेत म्हणतेय, म्हणजे सारखे आहेतच. खोटं ठरलं नसतं. मी म्हटलं असतं आणि कोणाला कळलंही नसतं. क्लबच्या गाड्या आल्या असत्या, आणि मी पुन्हा त्यांच्याखाली गेलो असतो. तोंडात शब्द आला होता. विजू आतून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही. फक्त बघत होती.

मी म्हटलं, "साहेब, या बाजूला या. डावा कान गेलाय माझा. उजवाही अर्धाच आहे. मला सांगता येणार नाही. हिला विचारा, हिनेच केलंय."

साहेबांचा चेहरा उतरला. ते वाकून दोन्ही पाइप बघून आले. मग गाडीच्या दाराशी गेले आणि विजूला काहीतरी विचारलं. तिने इंजिन थोडं चढवलं, उतरवलं, डावीकडे बोट दाखवलं, उजवीकडे बोट दाखवलं. क्लबवाले तिच्याभोवती जमले. एकाने तिचा नंबर घेतला. मी कोपऱ्यात स्टँड गोळा करत होतो.

निघताना साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.  त्यांना माझं नाव सांगायचं होतं, आता विजूचं सांगतील. मला वाईट वाटलं, ते लपवत नाही. चाळीस वर्षं मी त्या एका नावावर जगलो.

दुपारी शेड बंद करून घरी निघालो. व्हॅन विजू चालवत होती आणि मी डावीकडे, म्हणजे माझा उजवा कान तिच्याकडे. ही जागा तिने मला त्या चाकणच्या दिवशी दिली होती. तेव्हा वाटलं होतं, पोरीला हात बसवायचाय.

डांगे चौकात सिग्नलला थांबलो. मी विचारलं, "विजू, खरं सांग. नोकरी कशासाठी सोडलीस?"

 सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न दिले असणार, कारण ती दचकली. पण व्हॅन हलवली नाही. माझ्या खांद्याला हात लावला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली,

"तुम्ही गाडीखाली जाता, आप्पा. बाहेर कोणीतरी ऐकायला नको का?"